वाजायचा राहिलेला भोंगा

मला कामावर घेताना सरांनी एकच प्रश्न विचारला होता. "किती वाजले?"

मी मोबाईल बघून म्हणालो, "सव्वाअकरा."

"कुणाचे?"

आता याला काय सांगायचं? मी म्हणालो, "माझे, सर."

"तुला कुणी सांगितलं?"

"मोबाईलनं."

"मोबाईलला कुणी सांगितलं?"

"टॉवरनं असेल."

"आणि टॉवरला?"

इथं माझं इंजिनीअरिंगचं शिक्षण संपलं. मी म्हणालो, "माहीत नाही, सर." त्यावर सर खूश झाले. "जो तो छातीठोक सांगतो एवढे वाजले म्हणून. कुणीतरी सांगितलेलं असतं, दुसरं काय. उद्यापास्नं ये." मुलाखत संपली. गुणपत्रिका मी पिशवीतून काढलीच नव्हती. काढली असती तर नोकरी तिथंच गेली असती.

ही मुलाखत झाली देवळाली प्रवराबाहेर, उसाच्या रानातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. खाली सरांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं राज्य. वरच्या खोलीत आणि गच्चीवर सरांचं. सर मूळचे इथलेच. बंगळुरात बरीच वर्षं काढून परत आलेले आणि एका परदेशी कंपनीचं काम घरून करणारे. हाताखाली एक माणूस पाहिजे होता, तो मी. मी डोंगराकडच्या अकोले तालुक्यातला, म्हणून माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "ए अकोल्या" ही हाक. "पाऊस तुमच्या डोंगरात पडतो आणि ऊस आमच्या रानात येतो," हे ते मला दर आठवड्याला ऐकवायचे, जणू भंडारदऱ्याचं धरण मीच त्यांच्या नावावर करून दिलं होतं.

काम काय होतं ते सांगायला हवं. माझ्या घरच्यांना मी ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी आई शेजारणीला म्हणाली, "घड्याळं दुरुस्त करतो." ते काही फार चुकीचं नव्हतं.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार-सहा खोटे कॉम्प्युटर चालवता येतात. पुस्तकात त्यांना आभासी यंत्रं म्हणतात. सर त्यांना पाहुणे म्हणायचे. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की हे अख्खं घर आपलंच. खरं घर चालवतो तो कर्नल, म्हणजे सगळ्यांत आतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम. पाटाचं पाणी जसं पाळीपाळीनं सोडतात, तसा तो एकेका पाहुण्याला पाळी देतो. याचं दार उघडलं की त्याचं बंद. ज्याचं दार बंद झालं तो जागच्या जागी गोठतो, हातातला घास हातात. पुन्हा पाळी आली की घास तोंडात. मधे काही काळ गेला हे त्याच्या गावीही नसतं.

अडचण येते ती घड्याळाची. पाहुण्यानं कर्नलला सांगून ठेवलेलं असतं की मला ठरावीक वेळानं दारावर ठोका देत जा. नवे पाहुणे हुशार. जाग आली की आधी विचारतात, किती वाजले, आणि तिथून पुढं चालतात. जुने पाहुणे विचारत नाहीत. ते ठोके मोजतात. गोठलेल्या काळात जेवढे ठोके पडायचे राहिले, तेवढे ते जगाच्या मागं राहतात, कायमचे. मग त्या राहिलेल्या ठोक्यांचं करायचं काय? कर्नलमधला एवढाच कोपरा सरांचा होता. तो त्यांनी तरुणपणी लिहिला होता, आणि जगभरच्या माणसांनी तो वाचून, त्यावर भांडून, शेवटी आत घेतला होता.

राहिलेल्या ठोक्यांना तीन वाटा. सरांनी त्यांना नावं दिली होती, बुडवा, लोटा आणि मुरवा. बुडवा म्हणजे गेले ते गेले. लोटा म्हणजे राहिलेले सगळे ठोके एकदम, धडाधड. मुरवा म्हणजे रोजच्या ठोक्यांत थोडे थोडे जास्तीचे मिसळायचे, पाहुण्याचं घड्याळ अंमळ पळतं ठेवायचं, आणि तो आपल्या बरोबरीला आला की पुन्हा नेहमीच्या चालीवर आणायचं. मुरवा ही सरांची युक्ती. "लई दिवसाच्या उपाशी माणसाला कुणी पुरणपोळी वाढतं का? आधी पेज," ते म्हणायचे. "पाहुण्याला कळता कामा नये की आपण त्याला झोपवला हुता."

हे एवढं कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. सर स्वतः तसेच चालायचे. बोलता बोलता काही सुचलं की वाक्य अर्धं टाकून उठायचे, जिना चढून वर. राहिलेलं वाक्य ते विसरत नसत. पुढच्या भेटीत, मग ती कधीही होवो, तिथूनच पुढं. मी भावाच्या लग्नाला म्हणून अकोल्याला गेलो आणि चांगला पंधरवडा राहून आलो. पिशवी खांद्यावर, पाय पहिल्या पायरीवर, तोच वरून आवाज आला, "म्हणून डाव्या बाजूची ओळ काढायची न्हाई." कोणती ओळ? कसली डावी बाजू? आठवायला मला दुपार लागली. 'आलास का, लग्न कसं झालं', काही नाही. मी कुठं गेलो होतो हे मला कळू नये, याची काळजी ते घेत होते. पाहुणचारच तो.

आक्कांचे दीर काष्टीचे. ते एकदा कांद्याची चाळ बांधायची म्हणून सल्ला विचारायला आले. सर म्हणाले, "चाळीला मुख्य गोष्ट काय, की..." आणि उठून वर गेले. दीर थांबले. जेवले, झोपले, सकाळी चहा घेऊन रागानं काष्टीला निघून गेले. पुढच्या वर्षी एका लग्नात पंगतीत ते जिलेबी खात असताना सर मागून आले आणि म्हणाले, "खालून वारा लागला पाहिजे." तोवर त्यांचा कांदा सडून उकिरड्यावर गेला होता. ते अख्ख्या मांडवात ओरडले, "हा मानूस माझ्या कांद्याच्या दहाव्याला आलाय!"

सरांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. कर्नलमध्ये प्रत्येक पाहुण्याच्या नावावर एक आकडा ठेवलेला असतो, त्याची पाळी असताना दुसऱ्यांनी त्याचा किती वेळ खाल्ला त्याचा. त्याला चक्क 'चोरलेला वेळ' असंच म्हणतात. संध्याकाळी सर मला विचारायचे, "आज किती चोरीला गेला?" मी म्हणायचो, "सगळाच, सर." मग ते हसायचे. त्यांना हसताना बघायची एवढीच एक किल्ली माझ्याकडं होती, त्यामुळं मी ती रोज फिरवायचो.

आक्कांचं याबद्दल स्वतःचं एक म्हणणं होतं. मेथी निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं. "आमची आई गेली तवा हा बंगळुरात. नवी नवकरी. मोठं काम चालू हुतं त्याचं, म्हनून आमी कळवलंच न्हाई. म्हनलं, सवडीनं सांगू. त्यो सनाला म्हनून हसत आला, तर ष्टँडवरच कुनीतरी सांगून बसला. आई गेली, तेरावं झालं, म्हैस इकली, समदं एकदम. त्यो तिथंच खाली बसला. तवापास्नं असा हाय."

मला हे फार पटलं. इतकं पटलं की मी वर जाऊन, शहाणपणा करून, सरांना विचारलं, "सर, मुरवा हे आईंच्या त्या..."

"आक्का काईबी सांगती," सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "मी आधीपास्नंच असा हाय. मुरवा तर मी आई असतानाच लिहिलं." आणि वर म्हणाले, "पुढच्या वेळी वाक्य पुरं करत जा."

ते मला म्हणत होते!

सरांच्या जगभरच्या जुन्या पाहुण्यांपैकी एकच मला प्रत्यक्ष भेटला. तो गावाबाहेरच्या साखर कारखान्याच्या टाईम ऑफिसात राहायचा. कारखान्याचा भोंगा एका जुनाट प्रोग्रॅमवर वाजायचा. तो लिहिणारा माणूस कुठं आहे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्या मशिनवर तो चालायचा ते एका उन्हाळ्यात जळालं. सरांनी त्यातली डिस्क वाचवली आणि त्या प्रोग्रॅमला नव्या मशिनच्या पोटात पाहुणा म्हणून बसवलं. ठोके मोजणारा, अस्सल जुना पाहुणा. कामगार आत, कामगार बाहेर, जेवणाची सुट्टी, रात्रपाळी. सगळी पंचक्रोशी त्याच्यावर चालायची. शाळा त्यावर सुटायची, धारा त्यावर काढल्या जायच्या, आक्का रक्तदाबाची गोळी त्यावर घ्यायच्या. सर तर भोंगा झाला की हातातलं काम थांबवून मान हलवायचे, गवयाला दाद द्यावी तशी.

एकदा ऐन गळीत हंगामात त्या मशिनचा पंखा बदलायचा होता. सरांनी आदल्या संध्याकाळी पाहुण्याला झोपवलं, कारखान्याला सांगून ठेवलं की उद्या संध्याकाळपर्यंत भोंगा नाही, आणि पंखा बसल्यावर मला पाठवलं. "आधी भोंग्याची वायर काढ. मग पाहुण्याला उठव. मग मुरव. संध्याकाळपर्यंत तिथंच बस. घड्याळ जुळलं की वायर लाव. समजलं?"

समजलं होतं. पण घरी आक्कांनी शेंगोळ्यांचा बेत केला होता. मी म्हटलं, मुरवत बसायचं कशाला? लोटू. मिनिटा-दोन मिनिटांत घड्याळ जुळेल आणि गरम शेंगोळ्या मिळतील. इथवर माझं गणित बरोबर होतं. वायर काढायची तेवढी विसरलो.

मी लोटलं. पाहुणा जागा झाला, आणि रात्रभरात पडायचे राहिलेले सगळे ठोके त्याच्या अंगावर कोसळले. बिचाऱ्याचं घड्याळ कालच्या संध्याकाळपासून आजच्या दुपारपर्यंत सैरावैरा पळत सुटलं, आणि वाटेत जो जो भोंगा लागला तो तो त्यानं इमानानं वाजवला. पण घड्याळ पळतंय म्हटल्यावर भोंगेही आखूड. कारखान्याला उचकी लागली!

उचक्या देणारा भोंगा लोकांनी कधी ऐकला नव्हता. बॉयलर फुटला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सगळ्या पाळ्यांचे कामगार एकदम गेटवर. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून बायका पोरं काखेत मारून रस्त्यावर. हेडमास्तरांनी शाळा सोडून दिली. नगरपालिकेचा आगीचा बंब आला. केशकर्तनालयातून उठून पळत आलेले एक गृहस्थ, अर्ध्या गालावर साबण, मला विचारू लागले, "किती गेले?"

"अजून कुणी नाही," मी म्हणालो. "पण मी जाईन असं वाटतंय."

चेअरमनची गाडी आली. काच खाली व्हायच्या आत आवाज बाहेर आला. "कोन हाय त्यो? गव्हाणीत टाका त्याला! उसासंगं पिळून काढा!"

त्याच वेळी सर स्कूटरवर आले. मी मनाशी म्हटलं, आता गव्हाणीची गरज नाही. सर माझ्याकडं बघेचनात. टाईम ऑफिसच्या पायरीवर बसले, बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली. मग मान वर करून म्हणाले, "भोंगे किती ऐकलेस?"

"सर, मी मोजायच्या परिस्थितीत नव्हतो."

"मी गच्चीवर मोजले. एक कमी हाय."

"अहो साहेब," चेअरमन किंचाळले, "हितं माझी इज्जत चाललीय अन् तुमी..."

"वरडू नका, चेअरमन," सर शांतपणे म्हणाले. "एक भोंगा हरवलाय."

त्या शेंगोळ्या मला मिळाल्या नाहीत ते सोडा. पण त्या दिवसापासून सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. जितके ठोके आत टाकले तितके बाहेर यायला हवेत. एक भोंगा वाजला नाही याचा अर्थ कुठंतरी ठोका गळाला होता, म्हणजे त्यांच्या लिखाणाला कुठंतरी भोक होतं, आणि ते पहिल्यापासून होतं. पुढे कित्येक आठवडे ते एकच वाक्य बोलत. "इतकी वर्षं आपण पाहुण्यांना जरा जरा मागं ठेवत आलो, अकोल्या. आणि त्यांना कळलंबी न्हाई." मी म्हणायचो, "सर, त्यांना कळू नये हेच तर तुम्ही म्हणायचात." हा विनोद होता. सर हसले नाहीत. किल्ली फिरली नाही, ती पहिली वेळ.

भोक सापडायच्या आत ती मेल आली.

कर्नलच्या त्या भागाचा एक राखणदार असतो. आमचा परदेशातला, सरांच्याच वयाचा, फार सभ्य. त्यानं लिहिलं होतं की आता नवे प्रोसेसर पाहुण्याचं घड्याळ स्वतःच सांभाळतात, आणि नवे पाहुणे ठोके मोजत नाहीत. हा कोपरा अवघड आहे, बाकीच्या कामाला आडवा येतो. तो अजून कुणी वापरतं का? कुणीच नसेल तर काढून टाकावा म्हणतो.

या लोकांचा एक जुना नियम आहे. एक जरी वापरणारा असला, तरी त्याचं मोडायचं नाही. सरांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. "वापरणारा आहे. एक साखर कारखाना, त्याचा भोंगा." राखणदाराचं उत्तर आलं, "छान. मग राहू द्या." सर मेल मोबाईलवर घेऊन जिना उतरले आणि आक्कांना वाचून दाखवली.

"मंग पेढं आनू का?" आक्का म्हणाल्या.

"आण," सर म्हणाले. ते कधी गोड खायचे नाहीत. त्या दिवशी दोन खाल्ले.

म्हणजे आता असं झालं होतं, की भोंगा वाजतोय तोवर सरांचं आयुष्यभराचं काम जगात राहणार होतं. आणि भोंगा ज्याच्या जिवावर वाजत होता, तो कारखाना पुढच्या हंगामात पेटलाच नाही. ऊस दुसऱ्या कारखान्यांना जाऊ लागला, कामगार घरी बसले, गेटला साखळी लागली. या जिल्ह्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. लोक चार दिवस बोलले आणि गप्प झाले.

भोंगा मात्र वाजत राहिला. त्याला कुणी थांबवलाच नाही. टाईम ऑफिसची वीज चालू होती, आणि पाहुण्याला कुणी सांगणार की घर रिकामं झालं? आत एक माणूस नाही, चिमणीतून धूर नाही, आणि ठरल्या वेळेला 'कामावर या' म्हणून हाक. ऐकायला फार वाईट वाटायचं. काही घरांतून बाप्ये अजूनही भोंग्यासरशी उठून बसायचे आणि मग आठवण होऊन पुन्हा आडवे व्हायचे.

सर रोज स्कूटर काढून गेटपर्यंत जायचे. तिथला म्हातारा वॉचमन एक दिवस म्हणाला, "सायेब, आत कोनी न्हाई. ह्यो कुनासाठी बोंबलतोय? बंद करू का?"

"नको," सर एकदम म्हणाले. "वाजू दे."

"लोकं मला हसत्यात. म्हनत्यात, तूच वाजवतो आन् तूच कामाव जातो."

"वाजतोय ना? मग झालं."

पण झालं नव्हतं, हे मला दिसत होतं. परत येताना सर स्कूटर बांधावर थांबवून बसून राहिले. म्हणाले, "मी त्याला लिहिलंय, वापरणारा हाय. खोटं हाय का हे?"

मी म्हणालो, "सर, भोंगा वाजतोय हे तर खरं."

"व्हय. वाजतोय," ते म्हणाले. आणि उसाकडं बघत बसले.

मग एक दिवस वीज मंडळाचे लोक आले आणि कारखान्याचा मीटर काढून घेऊन गेले. आम्हाला कुणी कळवलं नाही. आम्ही गच्चीवर काम करत होतो. सर हातातलं काम थांबवून, मान हलवायच्या तयारीत, वाट बघत बसले. भोंगा झाला नाही. खालून आक्कांचा आवाज आला, "आरं, माझ्या गोळीची येळ झाली का न्हाई अजून?"

मी मोबाईल बघितला आणि खाली जाऊन त्यांना गोळी दिली.

आता माझी अक्कल. मी म्हटलं, पाहुण्याला आपल्या घरी आणू. डिस्क आपल्याकडं आहे, मशीन आपल्याकडं आहे, भोंगा काय कुठलाही चालतो. मी राहुरीला जाऊन एका गॅरेजमधून ट्रकचा हॉर्न आणला आणि गच्चीवर टाकीला बांधला. वायर सरांनीच जोडून दिली. ठरल्या वेळेला हॉर्न वाजला. खाली गोठ्यातली म्हैस दावं तोडून थेट रस्त्याला लागली. आक्का तिच्यामागं, मी आक्कांच्या मागं. अर्ध्या तासानं आम्ही तिघं परत आलो, तेव्हा सर हॉर्न मांडीवर घेऊन बसले होते. वायर काढलेली.

"आपणच वाजवायचा, आपणच ऐकायचा, आणि त्याला लिहायचं की वापरणारा हाय," ते म्हणाले. "न्हाई, अकोल्या. हे न्हाई जमायचं."

"सर, त्याला कुठं कळणार आहे?"

"त्याला न्हाई कळणार," ते म्हणाले. "पाहुण्याला कधी कळलंय?"

राखणदाराला त्यांनी त्याच दिवशी लिहिलं की आता वापरणारा नाही, आणि कोपरा काढून टाकायचं कामही मीच करून पाठवतो. मी म्हटलं, दुसरं कुणी करील की. त्यावर ते रागावले. "दुसरा काढील तर शेजारच्या चार ओळी उपटील. ऊस काढताना बांध उकरायचा नसतो." आठवडाभर ते एक एक ओळ काढत होते. इतक्या हळू हातानं मी कुणाला काही मोडताना बघितलेलं नाही. काढलेल्या भागाबरोबर कारण लिहावं लागतं. मला वाटलं, पानभर लिहितील. त्यांनी एक ओळ लिहिली, 'वापरणारे कोणी उरले नाही.' जगभरातून आभाराच्या मेल आल्या, किती नीटनेटकं काढलं म्हणून.

काही दिवसांनी कंपनीनंही आमचं काम गुंडाळलं. मला पुण्यात नोकरी लागली. सर मला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आले. एसटी लागली, मी चढलो, खिडकीशी बसलो. सर खिडकीखाली आले. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर ते जुनं तेज. म्हणाले, "अकोल्या, तो भोंगा सापडला रे. तो हरवला नव्हताच. तो..."

कंडक्टरनं बेल दिली. गाडी हलली. सर हात वर करून काही सांगत होते आणि इंजिनाच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी हसत होतो. मला कसलीच काळजी नव्हती. वाक्य अर्धं राहिलं होतं ना? म्हणजे ते माझं होतं. कधीही येईन, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवीन, आणि वरून 'तो'च्या पुढचं ऐकू येईल.

पुण्यात नोकरी, खोली, डबा यांत दिवस गेले. मधे मी स्वतः शोधायचा प्रयत्न केला. काढून टाकलेल्या ओळीही जुन्या नोंदींत राहतात. रोज थोडं थोडं वाचलं. ठोका कुठं गेला ते मला सापडलं नाही. मला सापडेल, असं मला वाटलंही नव्हतं. दिवाळी झाल्यावर सुट्टी काढून मी देवळालीला गेलो.

मुद्दाम फोन केला नाही. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. वरून काही आवाज आला नाही. मी दुसऱ्या पायरीवर गेलो. मग मागून, ओटीवरून, कुणी म्हणालं, "या, या. कधी आलात?"

सर खाली होते. खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, समोर टीव्ही. मला 'आलात' म्हणत होते.

"आत्ताच, सर."

"बसा. प्रवास बरा झाला? घरी सगळे बरे?"

मी बसलो. प्रवास बरा झाला, घरी सगळे बरे, पुण्याला गर्दी फार. एखाद्या शहाण्या माणसाशी बोलावं तसं सगळं. मग ते म्हणाले, "किती वाजले हो?"

मला हायसं वाटलं. मी मोबाईल काढला आणि जवळजवळ आनंदानं म्हणालो, "सव्वाअकरा, सर."

मी वाट बघितली. ते म्हणाले, "बरं." आणि रिमोटनं बातम्या लावल्या.

मी धीर करून म्हणालो, "सर, तो भोंगा... तो हरवला नव्हताच, तो..."

"काय म्हणालात?" त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. चेहऱ्यावर सभ्य, अनोळखी काळजी. मी म्हणालो, काही नाही, सहज. त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.

मला सोडायला आक्का फाटकापर्यंत आल्या. "लोकं म्हनत्यात, सुधारला," त्या म्हणाल्या. "येळेव जेवतो, येळेव निजतो. पावन्याला 'या, बसा' म्हनतो. माझे दीर येऊन गेले, तर त्यांना चाळीचं समदं एका दमात सांगितलं. दीर म्हनाले, वैनी, मानूस मानसांत आला."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

आक्कांनी फाटकाची कडी धरली, सोडली. "मी काय म्हननार? मी रोज त्याला च्या देते, आन् कायतरी अर्धंच बोलते. मुद्दाम. म्हनते, आरं, त्या वरच्या खोलीचं काय, की... आन् गप बसते. दुसऱ्या दिवशी च्या घेऊन जाते आन् हुबी ऱ्हाते."

"मग?"

"मंग काय," आक्का म्हणाल्या. "त्यो कप घेतो. म्हनतो, बरं."